काळ्या केसांना तांबूस छटा: ऊन, मध आणि लिंबू वापरताना कोकणात काय सांभाळायचं

लिंबू पिळलं, त्यात मध कालवला, डोक्यावर थापला आणि भर दुपारी गच्चीवर जाऊन बसलं. महिन्याभरानं केस खराट्यासारखे, रंग होता तसाच आणि मानेवर तपकिरी ओघळ. या प्रकाराच्या तक्रारी जवळपास सगळ्या याच साच्यातल्या असतात. कोकणात त्या थोड्या जास्तच, कारण परदेशी व्हिडिओतलं पाणी, हवा आणि लिंबू वेगळं असतं आणि आपलं वेगळं. कृती अवघड नाही, पण क्रम चुकला की सगळं फिसकटतं. पूर्ण प्रकाराला पाच आठवडे धरा. पुढच्या रविवारी घरात लग्न असेल तर सरळ पार्लर गाठा.

१. तुमच्या केसांवर हे होईल का?

केसांचा काळेपणा युमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. उन्हातले अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून ते हळूहळू तोडतात. ते तुटताना रंग ठरलेल्या वाटेनं उतरतो: काळा, गडद तपकिरी, तांबूस, नारिंगी, शेवटी पिवळा. घरगुती उपायांनी यातल्या पहिल्या एकदोन पायऱ्याच उतरता येतात. कुळकुळीत काळ्या केसांत घराच्या आत फरक दिसणारही नाही; उन्हात उभं राहिलं की तांबूस झाक दिसेल. मुळातच पिंगट केस असतील तर फरक बराच उठून दिसतो. सोनेरी रंग या मार्गानं कुणालाही मिळत नाही. लिंबाचं प्रमाण तिप्पट केलं तरी नाही.

खालीलपैकी काही लागू असेल तर इथंच थांबा:

- गेल्या वर्षभरात काळी मेंदी किंवा कलप लावलाय. काही काळ्या मेंदीत धातूंचे क्षार असतात. मधातून तयार होणाऱ्या पेरॉक्साइडशी (केसाचा रंग उतरवणारं रसायन) ते भिडले की केस तापून तुटू शकतात. पुडीवर नुसतं ‘हर्बल’ लिहिलंय यावर विसंबू नका.
- साधी, खरी मेंदी लावलेली आहे. तिचा रंग केसाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि उन्हानं सहसा निघत नाही. खालचा काळा फिका झाला की वरचा नारिंगी आणखी भडक दिसतो.
- पांढरे केस बरेच आहेत. पांढऱ्या केसात उतरवायला रंगच नसतो. उन्हानं ते कळकट पिवळे होतात.
- स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग किंवा केरॅटिन करून सहा महिने झालेले नाहीत.
- टाळूवर जखम, खाज, खपल्या किंवा सोरायसिस आहे.
- डॉक्सीसायक्लिन चालू आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीनं ही गोळी कोकणात अनेकांना दिली जाते. ती चालू असताना कातडी उन्हाला नेहमीपेक्षा जास्त भाजते. मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनचंही तसंच.

लहान मुलांवर हा प्रयोग नको. एखाद्या मुलाचे केस आपसूक तांबूस आणि विरळ होत चालले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आहारातल्या प्रथिनांच्या कमतरतेमुळेही तसं होतं.

२. पाणी तपासा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथं, म्हणून जरा तपशिलात.

कोकणातली बरीच घरं जांभ्यावर आहेत. जांभ्याचा लाल रंग लोहाचा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात ते कमीजास्त उतरतं. असं पाणी वर्षानुवर्षं अंगावर घेतलं की लोहाचा अंश केसात मुरतो. मग दोन गोष्टी होतात. मधातलं पेरॉक्साइड रंगद्रव्यापर्यंत पोचायच्या आधीच लोहाशी भिडून संपतं, आणि ते संपताना केसाचं प्रथिन जाळून जातं. म्हणजे रंग उतरत नाहीच, वर केस मात्र खराब.

तांब्याचंही तेच. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा, बंब किंवा घंगाळ दिसायला कितीही देखणं असलं, तरी त्यात रात्रभर राहिलेलं पाणी या पाच आठवड्यांत केसांना लावू नका. केसात मुरलेलं तांबं उन्हाचा मारा वाढवतं.

तपासणी अशी करा:

- पारदर्शक बाटलीत पाणी भरून २४ तास उघडं ठेवा. तळाशी तांबडा गाळ बसला किंवा वर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा आला, तर पाण्यात लोह आहे.
- बादलीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर तांबडट कडा दिसते का, पांढरा पंचा चारपाच धुण्यांत पिवळसर होतो का, ते पाहा.
- खाडीकाठी राहत असाल तर पाण्याची चव घ्या. मार्च-एप्रिलपासून किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि शॅम्पूही नीट निघत नाही.

पाणी खराब निघालं तरी अडून बसायचं कारण नाही. मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी पाच लिटरचा कॅन मिळतो तेच. घरी आरओ असेल तर ते पाणीही चालेल. रोजचं धुणं विहिरीच्या पाण्यानं होऊ द्या, फक्त शेवटचा दीड-दोन लिटरचा हात स्वच्छ पाण्याचा घ्या. पाणी उकळून घेतलं की काम झालं, असं मानू नका. उकळल्यानं जंतू मरतात. मीठ मात्र जात नाही आणि लोहही पुरतं जात नाही.

३. सामान

खालील मापं खांद्यापर्यंतच्या केसांसाठी आहेत. कमरेपर्यंत केस असतील तर दुप्पट घ्या.

- मध: २ मोठे चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. न तापवलेला, कच्चा मध हवा. मधात पाणी मिसळलं की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि अगदी थोडं पेरॉक्साइड तयार करतं. जास्त तापवून गाळलेल्या मधात हे विकर मेलेलं असतं. ‘पाण्यात टाकला की तळाशी बसतो तो शुद्ध’ वगैरे घरगुती परीक्षांना काही अर्थ नाही. साखरेचा दाट पाकही तळाशीच बसतो. ओळखीच्या मधपाळाकडून घेतलेला बरा.
- स्वच्छ पाणी: मधासाठी १६० मिली, लिंबासाठी ७५ मिली.
- कागदी लिंबू: एक मध्यम. रस साधारण १५ मिली निघतो.
- काचेचा किंवा प्लॅस्टिकचा वाडगा, नवी स्प्रेची बाटली, मोठ्या दातांचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा कंगवा, शॉवर कॅप, मलमलचा तुकडा, रबरी हातमोजे, दोन जुने पंचे.
- ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन.
- ज्याच्या घटकांत ‘ईडीटीए’ लिहिलेलं आहे असा शॅम्पू. हा घटक धातूंचे कण पकडून धुवून काढतो. कंडिशनर आणि खोबरेल तर लागेलच.

काय आणू नका, तेही सांगतो. खायचा सोडा केसाचे खवले उघडतो आणि केस राठ करतो. लिंबात टाकला तर नुसता फसफसून दोन्ही वाया जातात. दालचिनी आपल्या वाडीतलीच असली तरी टाळूला झोंबते, कुणाकुणाला पुरळ येतं, आणि काळ्या केसांवर तिचा परिणाम दिसत नाही. कॅमोमाइलचा चहा पिंगट केसांसाठी ठीक. काळ्यावर पैसे फुकट. मेडिकलमधलं पेरॉक्साइड मधात ओतायचा मोह होतो, पण मग तो घरगुती उपाय राहत नाही, मापाशिवाय केलेलं ब्लीच होतं.

आमसूल, आगळ, जास्वंद, माका यांपैकी कशानंही केस फिके होत नाहीत. लोखंडी कढईत उकळलेली आवळा-शिकेकाई तर नेमकी उलट्या दिशेची आहे: त्यातलं टॅनिन आणि कढईचं लोह मिळून काळा रंग तयार होतो. पाच आठवडे ती बाजूला ठेवा.

४. आधी बटीवर आणि कातडीवर चाचणी

कंगव्यात निघालेले २५-३० केस दोऱ्यानं बांधून बट करा. पुढं दिलेली मधाची आणि उन्हाची कृती तिच्यावर दोनदा करा, मधे तीन दिवस ठेवून. मग पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, न भिजवलेल्या केसांशेजारी ठेवून पाहा. काहीच फरक नसेल तर डोक्यावरही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य पडेल. तेव्हाच निर्णय घ्या.

त्यानंतर त्याच बटीतला एक केस ओला करून हळू ताणा. थोडा लांबून परत आखडला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबतच गेला किंवा लगेच तुटला, तर तुमचे केस या प्रकाराला तयार नाहीत.

कातडीसाठी मधाचं मिश्रण कोपराच्या आत लावून २४ तास पाहा.

सावधान: लिंबाची चाचणी अशी होत नाही. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. सावलीत ती काही करत नाहीत. ऊन लागलं की कातडी भाजतात. लगेच काही दिसतही नाही. साधारण एका दिवसानं लाली येते, दोनतीन दिवसांत फोड, आणि नंतर तपकिरी डाग, जे आठवडे, कधी महिने राहतात. आंब्याचा चीक उतून ज्यांचे ओठ सुजले आहेत त्यांना डागांचं वेगळं सांगायला नको. आपलं कागदी लिंबू या बाबतीत परदेशी पिवळ्या लिंबापेक्षा जास्त त्रासदायक आहे. म्हणून चाचणीवर विसंबायचं नाही. लिंबू कातडीला लागूच द्यायचं नाही.

५. आदल्या दिवशी: तेल आणि धातू काढणं

तेल लावलेल्या केसांवर हे करणं ही इथली सगळ्यात सर्रास चूक. खोबरेल पाण्याला केसात शिरू देत नाही. एरवी तो त्याचा गुण, पण आज आड येणारा. मिश्रण वरून ओघळून जातं आणि कातडीला लागतं.

१) ईडीटीए असलेला शॅम्पू लावून तीन मिनिटं तसाच ठेवा, मग धुवा. तेल रोज लावत असाल तर दोनदा धुवा.
२) शेवटचा हात स्वच्छ पाण्याचा.
३) कंडिशनर आज लावू नका.
४) केस पूर्ण वाळू द्या. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लांब केसांना चारपाच तास सहज लागतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलात तर सकाळी आतले केस ओलेच सापडतील आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरेल.

तपासा: केसांची बट दोन बोटांत धरून ओढली की बारीक ‘कर्र’ आवाज यायला हवा. बोटं घसरली तर तेल शिल्लक आहे.

६. मधाचा दिवस (घरात)

मध उन्हात वापरायचा नाही. वाळला की केस चिकटतात, आणि आंब्याखाली बसलात तर ओंबील (चावरे तांबडे मुंगळे) अंगावर येतात ते वेगळंच. मधाचं काम घरात, ओल्या केसांवर होतं.

१) वाडग्यात ४० ग्रॅम मध आणि १६० मिली पाणी एकत्र करा. पाणी घरातल्या हवेइतकंच गार हवं. मध लवकर विरघळावा म्हणून गरम पाणी घालणं म्हणजे विकर मारून टाकणं.
२) झाकून अंधाऱ्या फडताळात एक तास ठेवा. ही वेळ वाचवू नका. पेरॉक्साइड या तासातच तयार होतं.
३) केसांचे आठ भाग करा. आधी मधला भाग भिजवा, मग मुळांकडचा, टोकं सर्वांत शेवटी. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे एक फूट लांब केसाचं टोक दोन वर्षं ऊन-पाणी खाल्लेलं असतं. ते भराभर शोषतं. टोकांपासून सुरुवात केली की टोकं तांबडी आणि वर काळं, असं होतं.
४) शॉवर कॅप घाला. एक तास. केस ओले राहिलेच पाहिजेत. अर्ध्या तासानं हात लावून पाहा आणि कोरडे वाटले तर उरलेलं मिश्रण लावा.
५) साध्या पाण्यानं मध पूर्ण काढा, मग शॅम्पू थोडासा, कंडिशनर भरपूर.

पार्लरमधल्या ६ ते १२ टक्के पेरॉक्साइडच्या तुलनेत मधातलं अगदीच चिमूटभर असतं. एका खेपेत काही दिसत नाही, दिसणारही नाही.

सावधान: मधात लिंबू पिळू नका. बहुतेक कृतींमध्ये दोन्ही एकत्र सांगितलेलं असतं. लिंबाची तीव्र आम्लता विकराला काम करू देत नाही. मग उरतो फक्त गोड, चिकट लिंबाचा रस.

७. उन्हाचा दिवस

मध आणि ऊन यांत किमान तीन दिवसांचं अंतर ठेवा. रविवारी मध, बुधवारी किंवा गुरुवारी ऊन, असं बसवता येतं. पाचवा टप्पा उन्हाच्या आदल्या दिवशी पुन्हा करायचा.

ऋतू. जून ते सप्टेंबर विसरा. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले: आभाळ मोकळं, हवा त्यातल्या त्यात कोरडी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात सूर्य ऐन माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. तेव्हा करायचंच असेल तर वेळ निम्मी करा.

वेळ. घड्याळापेक्षा सावली पाहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब आहे तोवरच बसायचं. रत्नागिरीच्या आसपास जानेवारीत ही वेळ साधारण ११ वाजेपर्यंत मिळते, मेमध्ये जेमतेम सव्वानऊ-साडेनऊपर्यंत. सकाळचा आणखी एक फायदा आहे. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो तोवर हवा बरी असते. एकदा खारा वारा सुटला की केसांवर मिठाचा दमट थर बसतो, आणि गार झुळकेमुळे कातडी भाजतेय हे कळतही नाही.

जागा. घरापुढचं खळं किंवा गच्ची. पुळणीवर नको: वाळूवरून ऊन खालूनही तोंडावर येतं. माडाखाली तर नकोच. झावळ्यांतून कवडसे पडतात, रंगही तसाच कवडशांसारखा उतरतो, शिवाय वरून नारळ.

कृती:

१) हातमोजे घाला. लिंबू घराच्या आत पिळा. १५ मिली रसात ७५ मिली पाणी घाला आणि मलमलीतून दोनदा गाळा, नाहीतर स्प्रेचं तोंड चोंदतं. दर खेपेला ताजं करा. उरलेलं दुसऱ्या दिवशी आंबतं.
२) कान, मान, कपाळ, भांग यांवर सनस्क्रीन लावा. अंगात जुना, पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा कपडा घाला. खांद्यांवर पंचा.
३) दुसरा पंचा साध्या पाण्यात भिजवून पिळा आणि टाळूवर टोपीसारखा बांधा. भांग, कपाळ, मुळं सगळं झाकलं पाहिजे. उन्हाची गरज केसांच्या लांबीला आहे, टाळूला नाही.
४) सूर्याकडे पाठ करून खुर्चीवर बसा आणि केस खुर्चीच्या पाठीवरून मागं सोडा, म्हणजे मानेला टेकणार नाहीत. खाली बादली ठेवा.
५) पंच्याच्या खाली निदान चार बोटं सोडून तिथून स्प्रे करा. केस दमट व्हावेत, टपकू नयेत. घरातल्या कुणाला तरी करायला सांगा. स्वतः मागं हात करून मारलं की निम्मं कानावर जातं.
६) दर पाच मिनिटांनी कंगव्यानं केसांचे थर उलटेपालटे करा. हे टाळलं तर वरचा थर तांबूस आणि आतला काळा, आणि वेणी घातली की ते लगेच उघडं पडतं.
७) केस वाळू लागले की फक्त साधं पाणी मारा, लिंबू पुन्हा नाही. पाणी उडून जातं, आम्ल केसावरच राहतं. पाचास एक असं पातळ केलेलं लिंबू पंधरा मिनिटांत जवळपास निव्वळ रसाइतकं तीव्र होऊन बसतं. केसांचा खराटा होतो तो याच चुकीमुळे. दर दहा मिनिटांनी लिंबू मारत राहायला सांगणाऱ्या कृती सरळ सोडून द्या.
८) पहिल्या खेपेला २० मिनिटं. पुढं हिवाळ्यात ४० पर्यंत वाढवा. एप्रिल-मेमध्ये २० च्या वर जाऊ नका.

तपासा: टाळूवर ऊन लागल्याची जाणीव, कानाला चुरचुर, डोकं जड. यातलं काहीही झालं तर मिनिटं मोजत बसू नका, आत या.

खरं सांगायचं तर यातलं मोठं काम ऊन करतं. लिंबाचा हात त्यामानानं लहान. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी लिंबू वगळून नुसत्या स्वच्छ पाण्याच्या स्प्रेवर भागवावं. दोन खेपा जास्त लागतील इतकंच. आम्हाला विचाराल तर पहिली पसंती यालाच.

समुद्रात डुंबून आल्यावर तसंच उन्हात बसायचं, असंही काहीजण करतात. केस त्यानं तांबूस होतात हे खरं, पण तो रंग उन्हाचा. मीठ त्यात फक्त केस कोरडे करायचं काम करतं.

८. धुणं आणि तेल

आत आल्यावर आधी हात, मान, कान साबणानं धुवा. केस साध्या पाण्यानं तीनचार मिनिटं नुसते धुवा, मग शॅम्पू, मग कंडिशनर पाच मिनिटं, शेवटी स्वच्छ पाणी. पंच्यानं झटकू नका, दाबून टिपा.

खोबरेल आता लावायचं. धुण्यामुळे केसातलं प्रथिन जातं ते हे तेल कमी करतं, कारण ते केसाच्या आत शिरतं. केस वाळल्यावर मधल्या भागापासून टोकांपर्यंत एक लहान चमचा पुरे. मात्र पुढच्या मधाच्या किंवा उन्हाच्या दिवसाआधी ते पाचव्या टप्प्याप्रमाणे पूर्ण निघालं पाहिजे.

त्या दिवशी पुन्हा उन्हात जायचं असेल तर ओढणी, टोपी किंवा छत्री घ्या. धुण्यातून कातडीवर थोडं लिंबू राहिलंच असेल, तर निदान भाजणार नाही.

९. किती खेपा

चार आठवडे, आठवड्यात एक मध आणि एक ऊन. यापेक्षा जास्त नाही. पाचव्या आठवड्यात काहीच करायचं नाही, फक्त तेल आणि कंडिशनर. पहिल्या दिवशी आणि दर आठवड्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, कोरड्या केसांचा फोटो काढा. आरशात रोज पाहून फरक कळत नाही आणि लोक उगाच खेपा वाढवतात. चौथ्या टप्प्यातली ताणून पाहायची चाचणी दर आठवड्याला करा.

आणखी हवं असेल तर पुढची फेरी दोन महिन्यांनी.

१०. बिघडलं तर

काहीच फरक नाही. बहुतेक वेळा तेल नीट निघालेलं नसतं, मध तापवलेला असतो किंवा पाण्यात लोह असतं. तिन्ही तपासूनही काही होत नसेल, तर तुमच्या केसातलं रंगद्रव्यच घट्ट आहे. लिंबू वाढवू नका.

फार तांबडं किंवा नारिंगी दिसतंय. ही वाटेतली पायरी आहे. यावर आणखी ऊन दिलं की ते वाढतं, कमी होत नाही. नको असेल तर ऊन थांबवा आणि शिकेकाई-आवळा परत सुरू करा. रंग थोडा दबतो. त्यावर लगेच पार्लरचा रंग चढवू नका. टोकं जास्त शोषतात आणि मुळांपेक्षा गडद दिसतात. किमान तीन आठवडे थांबा, आणि रंग लावणाऱ्या बाईंना आधी काय केलंय ते सांगा.

टोकं झडतायत, फाटे फुटतायत. दोन सेंटिमीटर कापा. फाटा परत जुळवणारं काहीही बाजारात मिळत नाही. नुसतं तेल लावत राहिलात तर तो वर चढत जातो.

पट्टे पडलेत. वरचा थर फिका आणि आतला काळा असेल तर पुढच्या खेपेला केस मधोमध भांग पाडून उलटे करा, आतला थर बाहेर. ठिपक्यांसारखं असेल तर स्प्रे फार जवळून मारलाय. २०-२५ सेंटिमीटर अंतर ठेवा.

मानेवर किंवा हातावर तपकिरी डाग. त्यावर पुन्हा लिंबू, बेसन, टोमॅटो काही चोळू नका. ऊन पूर्ण टाळा, सनस्क्रीन लावा आणि थांबा. फोड आले असतील किंवा दुखत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि लिंबू-ऊन झालंय हे आपणहून सांगा. नाहीतर डाग पाहून भलत्याच ॲलर्जीवर औषध सुरू होतं.

मुळं काळी दिसू लागली. दोन महिन्यांत दोनअडीच सेंटिमीटर नवे काळे केस येणारच. पावसाळ्यात ऊन नसताना नुसत्या मधानं ती पट्टी फिकी करायचा प्रयत्न करू नका, चिकटपणापलीकडे काही हाती लागत नाही. भांग बदला किंवा वेणी बांधा, आणि दिवाळीनंतर पाण्याच्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करा. चार महिन्यांच्या पावसानं विहिरीचं पाणी बदललेलं असतं.